दर बुधवारचा पास्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात आमच्या घरी दर बुधवारी रात्री पास्ता असतो. घरचे सहा जण, शेजारच्या आपा आणि त्यांची मुलं, नवऱ्याचे दोन मित्र, माझी नणंद, कधी तिच्या हॉस्टेलवरच्या मैत्रिणी. कधी आठ माणसं जेवतात, कधी अठरा. २०१९ च्या हिवाळ्यात सुरू केलं. करोनाच्या दिवसांत बंद पडलं होतं, ते पुन्हा चालू झालं. आता ओळखीतली बरीच घरं असंच काही सुरू करायचं म्हणतात आणि सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून काढली.

पास्ताच का? आपली खिचडी काय वाईट आहे?

खिचडी मुळीच वाईट नाही. पण कारण सांगते.

माझं माहेर परभणीकडचं, माणसांचं घर. पाहुणे आले की आई तव्याजवळ उभी. एकेक गरम पोळी ताटात जायची. पुरुष जेवायचे, मग मुलं, मग बायका, आणि शेवटी आई. तोवर भाजी गार झालेली असायची आणि बाहेरच्या खोलीतल्या गप्पाही संपलेल्या. त्या गप्पांत काय झालं ते तिला दुसऱ्या दिवशी आम्ही सांगायचो. माझ्या लग्नानंतर माझंही तेच होऊ लागलं. पोळी असो की भाकरी, ती गरमच वाढायची म्हटलं की एक माणूस पंगतीतून कायमचं वजा होतं.

पास्त्याला तवा लागत नाही. सॉस आधी करून ठेवता येतो, माणसं आल्यावर पाणी उकळायला ठेवायचं, दहा-बारा मिनिटांत पातेलं खाली येतं आणि करणारी व्यक्ती सगळ्यांबरोबर बसते. मला एवढंच हवं होतं. खिचडीनंही हे जमतं. पण खिचडी म्हटलं की आमच्याकडं पापड तळा, कढी करा, शेंगदाण्याची चटणी काढा, असं वाढतच जातं. पास्त्याबरोबर काय असावं हे आमच्या घरात कुणी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळं ते मला ठरवता आलं.

कोणता वार ठेवावा?

यावर जितका विचार कराल तितका थोडा. आपल्याकडं सोमवार, गुरुवार आणि शनिवार उपासाचे. मंगळवारी कुणाची देवी, कुणाचा गणपती. शुक्रवार आम्ही सुरुवातीला ठरवला होता, पण नणंदेच्या सासूबाईंचे संतोषीमातेचे सोळा शुक्रवार चालू होते. त्या व्रतात आंबट चालत नाही, आणि आमच्याकडं दोन किलो टोमॅटोचा सॉस. रविवारी लग्नं, वास्तू, बारशी. उरला बुधवार. आठवड्याच्या मधोमध असल्यानं दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं, म्हणून माणसं रात्री साडेनऊला घरी जायला उठतात. हाही फायदाच.

एकादशी किंवा चतुर्थी बुधवारी आली तर उपासवाल्यांसाठी भगर आणि दाण्याची आमटी बाजूला असते. वार मात्र बदलायचा नाही. एकदा बदलला की पुढच्या आठवड्यात चार जण फोन करून विचारतात, ‘या वेळी कधी?’ आणि मग ते ठरवण्यातच दमछाक होते.

आमंत्रण कसं द्यायचं?

द्यायचंच नाही. सुरुवातीला एकदा तोंडी सांगायचं : ‘बुधवारी आठ वाजता आमच्याकडं पास्ता असतो, यायचं तेव्हा या.’ त्यानंतर निरोप फक्त नसेल तेव्हाच द्यायचा. यायचं असेल तर दुपारी चारपर्यंत ग्रुपवर माणसांचा आकडा टाकायचा, एवढीच अट. ‘नक्की येऊ’, ‘बघतो’, ‘जमलं तर’ या तिन्ही उत्तरांचा अर्थ मी ‘नाही’ असा धरते आणि आले तर आनंदानं वाढते.

माणशी किती पास्ता धरायचा?

पास्ता हेच मुख्य जेवण असेल तर मोठ्या माणसाला कोरडा ८० ते १०० ग्रॅम, मुलाला ५०. आमच्याकडं बरोबर काकडी, कांदा, दही, थोडी भाकरी असते, म्हणून मी सरसकट ८० धरते. १२ माणसांना १ किलो, म्हणजे ५०० ग्रॅमची दोन पाकिटं. तिसरं पाकीट कपाटात कायम असतं. शिजल्यावर पास्त्याचं वजन साधारण दुपटीहून जास्त होतं, त्यामुळं कोरडा पास्ता पाहून ‘एवढ्यानं काय होतंय’ असं वाटलं तरी मूठभर वाढवू नका.

एवढं पाणी कुठून आणायचं? लातुरात हे परवडतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे.

नेहमीचा नियम असा : १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. म्हणजे १ किलोला १० लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून या शहराला पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात टँकरपाशी घागर घेऊन उभं राहिलेल्या माणसाच्या हातून १० लिटर पाणी मोरीत ओतलं जात नाही. माझ्याही जात नाही.

पास्ता निम्म्या पाण्यात उत्तम शिजतो. १ किलोला मी ५ लिटर घेते. त्यासाठी तीन गोष्टी पाळाव्या लागतात. पातेलं उंच नको, पसरट हवं. पाणी खळखळून उकळल्याशिवाय पास्ता टाकायचा नाही. आणि टाकल्यावर पहिली तीन मिनिटं पातेल्यापासून हलायचं नाही, लांब दांड्याच्या चमच्यानं तळापासून ढवळत राहायचं. पास्त्याच्या वरच्या थरातलं पीठ याच वेळात सुटतं आणि चिकट होतं. ही तीन मिनिटं निभावली की पुढं अधूनमधून ढवळलं तरी पुरतं.

थोड्या पाण्यात पास्त्याचं पीठ जास्त उतरतं, पाणी पांढरट आणि दाटसर होतं. ते वाईट नाही, उलट त्यासाठीच मी आता मुबलक पाणी असतानाही ५ लिटरच घेते. हे पाणी वाटीभर सॉसमध्ये घातलं की तेल आणि टोमॅटोचा रस वेगळे न राहता एकजीव होतात आणि सॉस पास्त्याला धरून बसतो.

५ लिटरला ३५ ते ४० ग्रॅम मीठ घालते. बोअरचं पाणी खारट असेल तर आणखी कमी, आधी पाणी चाखून बघा. उरलेलं पाणी गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी त्यात कणीक मळायची, वरण पातळ करायचं, आमटीत वापरायचं. फक्त त्यात मीठ आहे हे विसरू नका, वेगळं घालायला लागत नाही. कुंडीतल्या झाडांना मात्र हे पाणी घालू नका. मी एकदा मोगऱ्याला घातलं होतं. पानांच्या कडा करपल्या.

आमचा पास्ता लगदा होतो. काय चुकतं?

आमचाही झाला होता. तिसऱ्याच बुधवारी २ किलो पास्ता एका भगोण्यात टाकला. एवढा कोरडा पास्ता पडल्यावर पाण्याची उकळी बसली, घरगुती गॅसवर ती परत यायला सात-आठ मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ पास्ता नुसता कोमट पाण्यात भिजत राहिला. बाहेरून पीठ, आतून कच्चा. १ किलोच्या पुढं एका पातेल्यात जाऊ नका. दोन शेगड्या, दोन पातेली.

दुसरं, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा तोडून बघा. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला की काढायची वेळ झाली. उरलेलं शिजणं सॉसमध्ये होतं. इटलीत ‘अल देन्ते’ म्हणतात, म्हणजे दाताला जाणवेल असा. रोवळीत किंवा चाळणीत ओता, पण त्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढलेलं असू द्या. गार पाण्याखाली धुऊ नका. धुतलं की सॉस धरून ठेवणारं पीठच निघून जातं.

तिसरं कारण पाकिटात असतं. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

दुकानात कोणतं पाकीट घ्यावं?

मागची बाजू वाचा. घटकांत ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असं असेल तर घ्या. मैद्याचा असेल तर ठेवून द्या. ड्युरम हा कडक दाण्याचा गहू, त्याचा रवा पिवळसर आणि प्रथिनं जास्त, म्हणून शिजल्यावर आकार टिकतो. इटलीत तर १९६७ पासून कायद्यानंच सुका पास्ता ड्युरमच्याच रव्याचा असायला लागतो. एका दुकानदारानं मला सुटी मॅकरोनी ‘रव्याचीच आहे ताई’ म्हणून दिली होती. पाच मिनिटांत तिची पेज झाली.

आकाराचं म्हणाल तर गर्दीला पेने, म्हणजे आखूड नळ्या, किंवा फुसिली, म्हणजे पीळदार तुकडे. चमच्यानं खाता येतात, पोकळीत नि वळणांत सॉस अडकतो, दुसऱ्यांदा वाढेपर्यंत तग धरतात. स्पॅगेटी चार-पाच माणसांत करा. १५ माणसांना स्पॅगेटी वाढणं म्हणजे गुंता सोडवत बसणं.

सॉस कोणते करायचे?

वर्षभरात आम्ही पाचच सॉस फिरवतो. नवा शोधण्याच्या मागं मी लागत नाही. येणाऱ्यांनाही ओळखीची चव आवडते.

टोमॅटोचा सॉस महिन्यातून दोनदा. १ किलो पास्त्याला २ किलो पिकलेले टोमॅटो. हायब्रीड लांबट टोमॅटोत गर जास्त असतो, गावरान आंबट असतात, मी दोन्ही मिसळते. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सालं काढायची आणि हातानंच कुस्करायचे, मिक्सरमध्ये फेसाळतात. कढईत वाटीभरापेक्षा थोडं कमी तेल, त्यात १५-२० लसणाच्या पाकळ्या ठेचून, अगदी मंद आचेवर. लसणाच्या कडा सोनेरी होऊ लागल्या की लगेच टोमॅटो. तपकिरी झाल्या तर लसूण कडू पडतो आणि तो कडवटपणा पुढं कशानंच जात नाही. मग ३५ ते ४० मिनिटं उघड्या कढईत आटू द्यायचं. कडेनं तेल सुटलं, चमचा फिरवल्यावर तळाची वाट क्षणभर तशीच दिसली, की झाला. फार आंबट वाटला तर सुपारीएवढा गूळ. काळा मसाला घालून पाहिला आहे. चव वाईट नाही, पण ती येसराच्या आमटीकडं जाते. दोन्ही पदार्थ मला प्रिय आहेत, म्हणून दोन्ही वेगळे ठेवते.

पावसाळ्याच्या तोंडी टोमॅटो महागतो. २०२३ च्या जुलैत किलोला शंभराच्या खूप पुढं गेला होता. तेव्हा लसूण, तेल आणि सुकी लाल मिरची, एवढ्यावरच पास्ता होतो. नेपल्सकडचा हा साधा प्रकार आहे आणि मराठवाड्यातल्या जिभेला पहिल्या घासात पटतो. दोन गड्डे लसूण पातळ चिरून तेलात, वरून मिरचीचे तुकडे, पास्त्याचं वाटीभर पाणी, आणि मग पास्ता. भांडं जोरात हलवायचं, तेल आणि पाणी मिळून दुधट होईपर्यंत.

तिसरा सॉस कोथिंबिरीचा. इटलीत जेनोव्हाकडं तुळशीच्या जातीची बेसिलची पानं, पाइनच्या बिया, लसूण, चीज आणि ऑलिव्ह तेल खलात कुटून पेस्टो करतात. पेस्टो म्हणजेच कुटलेलं. आमच्या जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वास असा की जुडी पिशवीत असली तरी जिन्यात कळतं. दोन मोठ्या जुड्या, दोन मुठी भाजलेले शेंगदाणे, आठ पाकळ्या लसूण, लिंबू, मीठ, तेल. खलबत्त्यात कुटलं तर भरड राहतं आणि तेच चांगलं लागतं. हा सॉस गॅसवर चढवायचा नाही, कोथिंबीर काळी पडते. गरम पास्ताच त्यात टाकायचा.

हिवाळ्यात वांग्याचा. सिसिलीत तळलेली वांगी आणि टोमॅटो घालून पास्ता करतात, त्याला ‘नोर्मा’ म्हणतात. आपल्याकडं वांग्यांची काय कमी! फोडी मीठ लावून अर्धा तास ठेवा, पिळून तळा, टोमॅटोच्या सॉसमध्ये शेवटी घाला. वरून तिकडं खारवलेलं रिकोटा चीज किसतात. मी घरचं पनीर मीठ लावून, फडक्यात दाबून, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवते आणि तेच किसते.

पाचवा हरभऱ्याचा. भिजवून शिजवलेले हरभरे, त्यातले निम्मे कुस्करलेले, लसूण, थोडा टोमॅटो, आणि पास्ता त्याच रश्श्यात शिजवायचा. इटलीतल्या गरिबाघरचं हे जेवण. सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हणाल्या, ‘अगं, ही तर वरणफळंच की!’ बरोबरच होतं त्यांचं.

पांढरा सॉस मुलांच्या वाढदिवसालाच. १ लिटर दुधाला ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम मैदा. थांबला की घट्ट होतो, त्यामुळं उशिरा येणाऱ्यांच्या घरी हा करू नये.

ऑलिव्ह तेल लागतंच का?

नाही. मी घाण्याचं करडईचं तेल वापरते. करडई मराठवाड्याचं रब्बीचं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले. घाण्याच्या तेलाला स्वतःचा एक खमंग वास असतो आणि लसणाशी तो छान जुळतो. शेंगदाण्याचं तेलही चालतं, पण त्याची चव पुढं येते. कोथिंबिरीच्या सॉसला ते चांगलं, टोमॅटोला करडई. मात्र दरवर्षी करडईचा पेरा कमी होताना दिसतो. आमच्या घाणेवाल्या काकांना आता बी शोधावं लागतं. जवळपास घाणा असेल तर तिथूनच तेल घ्या, असं मी आवर्जून सांगेन.

शाकाहारी, जैन, चातुर्मास पाळणारे : सगळ्यांना एकाच पातेल्यातलं कसं चालेल?

सुक्या पास्त्यात बहुधा अंडं नसतं, ताज्या पास्त्यात असू शकतं. हिरवी खूण पाहा. चीजच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. अस्सल पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, त्यामुळं ते शाकाहारी नाही. हिरव्या खुणेचं भारतीय चीज घ्या, आणि ते पातेल्यात न घालता वाटीत वेगळं ठेवा. ज्याला हवं तो घेईल.

कांदा-लसूण न खाणारं कुणी येणार असेल तर मी टोमॅटोचा पूर्ण सॉसच हिंगावर करते आणि लसूण तेलात परतून बाजूला वाटीत ठेवते. दोन सॉस करू नका. वेगळं पातेलं, वेगळा चमचा आला की त्या माणसाला आपण अडचण झालो असं वाटतं. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत सासूबाई कांदा, लसूण, वांगं खात नाहीत, ते चार महिने हेच चालतं. त्याआधी कांदेनवमीच्या आसपासच्या बुधवारी मात्र तीन किलो कांदा तासभर मंद आचेवर परतून, मधासारखा तपकिरी करून, त्याचा पास्ता करते. वर्षातला तो एक बुधवार माझ्या नवऱ्याचा सर्वांत आवडता.

रमजानमध्ये आपांच्या घरच्यांसाठी आम्ही सगळेच अर्धा तास थांबतो. त्या खजूर घेऊन येतात, आधी ते, मग पास्ता.

घरातले वडीलधारे म्हणतात, ‘भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही’. मग?

मग भाकरी ठेवा. आमचे सासरे, आण्णा, पहिले दोन महिने बुधवारी आधीच जेवून घ्यायचे आणि आमच्यात नुसते बसायचे. मला ते फार लागलं. मग सकाळच्याच ज्वारीच्या चार भाकरी फडक्यात बांधून ठेवायला लागले. एका बुधवारी त्यांनी ताटलीत भाकरी कुस्करली, अगदी बारीक, आमटीत कुस्करतात तशी. वरून टोमॅटोचा सॉस ओतून घेतला, बोटांनी कालवला आणि कडेला चार पेने ठेवले. हिरवी मिरची दातानं तोडली. पूर्ण ताट संपवून म्हणाले, ‘ह्यो रस्सा चांगलाय.’ तेव्हापासून ते पहिल्या पंगतीला असतात.

दात नसलेल्यांसाठी वाटीभर पास्ता पातेल्यातच आणखी तीन-चार मिनिटं ठेवून मऊ काढा. मधुमेह असेल तर ताटात पास्ता थोडा आणि हरभरे, काकडी, दही जास्त. फार न शिजवलेला ड्युरमचा पास्ता साखर तुलनेनं सावकाश वाढवतो, पण किती खायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. गव्हाचं ग्लुटेन चालत नसलेल्या माणसाला पास्ता अजिबात देऊ नका. त्यांच्यासाठी नुसत्या ज्वारी-बेसनाचे शेंगोळे करा.

पाहुण्याला एकच पदार्थ वाढायचा? लोक काय म्हणतील?

दोन-तीन वेळा म्हणतील. माझ्या एका चुलत सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ताटाकडं बघत राहिल्या, बाकीचं यायचंय असं समजून. मी त्यांच्या शेजारी बसले आणि जेवायला लागले. त्यांनी विचारलं, ‘तू बी बसलीस?’ हो म्हटलं. त्यांनी मग दुसऱ्यांदा मागून घेतलं.

ज्या दिवशी तुम्ही भीतीपोटी पुलाव, गुलाबजाम आणि कटलेट वाढवाल त्या दिवशी तुम्ही परत स्वयंपाकघरात. आणि पुढच्या वेळी त्यांच्या घरी तसंच करायचं ओझं त्यांच्यावर. आग्रहाचंही तसंच. आपल्याकडं ‘अजून एक घ्या’ हे प्रेम आहे, ते मला कळतं, माझ्या आईनं आयुष्यभर तसंच प्रेम केलं. पण पातेलं मधोमध आहे, डाव त्यातच आहे. मी एकदा विचारते, नंतर नाही.

बसायचं कुठं, खायचं कशानं?

सतरंजीवर. टेबलाला सहा खुर्च्या असतात, सतरंजीला मोजदाद नसते. काटे चार आहेत, ते मुलं भांडून घेतात. बाकीचे चमच्यानं खातात, काही हातानं.

लोक रिकाम्या हातानं येत नाहीत. काय आणायला सांगावं?

मिठाई आणू नका, असं स्पष्ट सांगा. ‘काही नको’ म्हटलं की काजूकतलीचा डबा येतो. त्यापेक्षा नेमकं सांगा : चार काकड्या, लिंबं, दही, एक जुडी कोथिंबीर, गंजगोलाईच्या बाजारातून येत असाल तर पाव किलो लसूण. नवऱ्याचा एक मित्र गेली तीन वर्षं फक्त बर्फ आणतो. त्याचं काम ठरलेलं आहे आणि तो आला नाही तर सगळ्यांना कळतं.

खर्चाचं सांगायचं तर १२ माणसांना साधारण ५०० ते ६०० रुपये लागतात, त्यात सगळ्यात महाग चीज. ते नको असेल तर भाजलेल्या दाण्याचा भरड कूट आणि कोरड्या पावाचा चुरा तेलात परतून वरून टाका. दक्षिण इटलीतही चीज परवडत नसे तिथं पावाचाच चुरा टाकायचे.

सांगितल्यापेक्षा जास्त माणसं आली तर?

हरभरे. शिजवलेल्या हरभऱ्यांचा एक डबा बुधवारी फ्रिजमध्ये असतोच. सॉसमध्ये हरभरे आणि पास्त्याचं पाणी वाढवलं की आठ जणांचं बारा जणांना होतं.

उरलेल्याचं काय?

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी मोहरी-कढीपत्त्याची फोडणी करून त्यात परता, कडा कुरकुरीत होऊ द्या. पोळीचा कुस्करा करतो तसाच. मुलांच्या डब्यात हा गुरुवारचा पास्ता जातो आणि तो बुधवारच्यापेक्षा जास्त मागितला जातो.

घरी हातानं पास्ता करता येईल का?

येईल, आणि आपल्याला तो करता येतो हे आपणच विसरलो आहोत.

माझ्या आजीच्या अंगणात दर उन्हाळ्यात शेवया व्हायच्या. गहू बन्सी. बन्सी हा आपल्याकडचा जुना कोरडवाहू गहू आणि तो ड्युरमच. गहू ओलवून, सुकवून दळायचा, कोंडा आणि पीठ चाळून मधली सोजी वेगळी काढायची. सोजी म्हणजे बारीक रवाच. ती भिजवून गोळा तिंबायचा, इतका की ओढला तर तुटू नये. आजी पाटावर बसायची, तेलाचा हात लावून गोळ्याची वात करायची, ती वात दुहेरी, चौहेरी करत ओढायची. शेवई केसासारखी बारीक झाली की काठीवर जायची आणि काठी दोन बाजांच्या मध्ये. खालून वाकून जायची आम्हांला मनाई होती. वारा आला की सगळ्या काठ्या एकदम हलायच्या. कडक गव्हाचा रवा, पाणी, तिंबणं, सावलीत वाळवणं. सुका पास्ता याहून वेगळा काय असतो?

रुखवतात ठेवायचे गव्हले, नखुले, मालत्या हेही हातानं वळलेलेच. शेंगोळ्यांचं पीठ दोन तळव्यांत वळून उकळत्या रश्श्यात सोडतात, वरणफळांची कणीक लाटून, शंकरपाळ्यासारखी कापून वरणात. म्हणून महिन्यातला एक बुधवार आम्ही यांना देतो. त्या दिवशी पीठ आधी मळून ठेवते आणि येणारा प्रत्येक जण बसून शेंगोळे वळतो. हॉस्टेलच्या मुली सुरुवातीला लाजल्या, आता त्यांचेच सर्वांत सारखे होतात.

सोजीचा पास्ता करायचा असेल तर दोन वाट्या सोजीला साधारण एक वाटी कोमट पाणी, थोडं थोडं घालत. दहा मिनिटं मळा, अर्धा तास झाका. छोटी गोळी अंगठ्यानं पाटावर दाबून पुढं ओढली की तिला कानासारखी वाटी पडते. इटलीच्या टाचेकडच्या पुल्या भागात याला ओरेकिएटे म्हणतात, म्हणजे छोटे कान.

मे महिन्यात ४२ अंशांत पातेलं उकळायचं?

गच्चीवर बसा, साडेआठला सुरू करा. एप्रिल-मेमध्ये आटवायचे सॉस बंद, फक्त कोथिंबीर किंवा लसूण-तेल. बरोबर ताक.

दर आठवड्याला जमेल का? मधेच खंड पडला तर?

गेल्या पावसाळ्यात आण्णांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मंगळवारी रात्री मी ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या नाही.’ बुधवारी रात्री नऊला आम्ही दोघं घरी आलो तर जिन्यातच लसणाचा वास. आपांकडं आमची किल्ली असते. सतरंजी अंथरलेली, सहा-सात जण जेवत बसलेले, बर्फवाला मित्र पातेलं पुसत होता. माझं ताट झाकून ठेवलं होतं. पास्त्यात मीठ थोडं कमी होतं, आणि ओट्यावर स्टीलच्या डब्यात आण्णांसाठी जास्त शिजवलेला मऊ पास्ता वेगळा काढलेला होता, वर फडक्यात अर्धी भाकरी.